मैफलीची प्रत : ध्वनिमुद्रणांची देवघेव आणि संमतीचा प्रश्न

हिंदुस्थानी संगीताच्या दर्दी श्रोत्यांमध्ये गेली कित्येक दशके एक व्यवहार अखंड चालत आलेला आहे. संगीताच्या इतिहासलेखनात त्याची दखल क्वचित घेतली जाते आणि नीतिविचारात त्याहूनही क्वचित. खासगी मैफलींची ध्वनिमुद्रणे रसिकांनी एकमेकांना द्यावयाची, हा तो व्यवहार. आरंभी तो स्पूलच्या फितींवर चाले, मग कॅसेटवर, पुढे सीडीवर. आता तो संगणकावर चालतो. माध्यमे बदलली तरी त्याचे संकेत फारसे बदलले नाहीत. देणारा घेणाऱ्याला पारखून घेतो, बदल्यात काय मिळेल याचा अदमास घेतो आणि फीत हाती देताना एक अट घालतो : ‘पुढे कोणाला देऊ नका.’ ही अट गंभीरपणे घातली जाते आणि तितक्याच गंभीरपणे स्वीकारली जाते. मात्र ती आधी कोणीतरी मोडली नसती तर ती फीत देणाऱ्याकडेच आली नसती, हे दोघांनाही ठाऊक असते.

या देवघेवीत देणारा आणि घेणारा यांच्यातील विश्वासाची चर्चा पुष्कळ होते. ज्याचे गाणे आहे त्या तिसऱ्या माणसाचा प्रश्न मात्र सहसा निघत नाही. ती मैफल ध्वनिमुद्रित होत आहे हे त्याला ठाऊक होते काय? ठाऊक असेल, तर त्याने होकार कशाला दिला होता : यजमानाने ती पुन्हा ऐकावी याला, की पन्नास वर्षांनी अनोळखी माणसांनी ती ऐकावी यालाही?

कायद्याचे उत्तर थोडक्यात सांगता येते. भारतीय प्रताधिकार कायदा १९५७चा. त्यात गायक-वादकांचा प्रयोगावरील स्वतंत्र अधिकार आला तो १९९४च्या दुरुस्तीने. त्याची मुदत आरंभी पंचवीस वर्षे होती, १९९९मध्ये ती पन्नास झाली. स्वतःच्या खासगी उपयोगासाठी केलेले ध्वनिमुद्रण या अधिकाराचा भंग ठरत नाही. पण ही सवलत ध्वनिमुद्रण करणाऱ्यापुरती आहे, त्याच्या मित्राच्या मित्रापर्यंत ती पोहोचत नाही. कायद्याला येथे एवढेच म्हणावयाचे आहे. मुदत संपली म्हणून एखादे कृत्य योग्य ठरत नाही आणि मुदत चालू आहे एवढ्यानेच ते निंद्यही ठरत नाही. म्हणून हा प्रश्न कायद्याच्या चौकटीबाहेर नेणे भाग आहे.

संग्राहकांचे नेहमीचे समर्थन असे की विद्या कोणा एकाची नसते. या समर्थनामागे आपल्याकडे एक मोठे उदाहरण उभे आहे. घराण्यांतील बंदिशी ही एके काळी कुलुपात ठेवण्याची मालमत्ता होती; त्या हुंड्यात दिल्याच्या कथा प्रसिद्धच आहेत. भातखंड्यांनी अनेक उस्तादांकडून चिजा मिळवल्या, स्वरलिपीत बांधल्या आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांतून कोणत्याही विद्यार्थ्याच्या हाती दिल्या. त्या काळी त्यांच्यावर रोष झाला. आज त्यांना कोणी दोष देत नाही. मग फीत वाटणारा संग्राहक भातखंड्यांचाच छोटा वारसदार नव्हे काय?

हे साम्य वरवरचे आहे, असे मला वाटते. त्याचे कारण स्पष्ट करण्यासाठी युरोपीय संगीतातील एका जुन्या प्रसंगाचा उपयोग होईल. सतराव्या शतकात ग्रेगोरिओ अल्लेग्री याने रचलेले ‘मिसेरेरे’ हे स्तोत्र पवित्र सप्ताहात रोमच्या सिस्टाइन चॅपेलमध्ये गाइले जाई. त्याची नक्कल बाहेर नेणाऱ्याला धर्मबहिष्काराची शिक्षा आहे, अशी त्याची ख्याती होती. १७७० साली चौदा वर्षांच्या मोझार्टने ते ऐकले आणि स्मरणाने लिहून काढले. ही कथा सहसा कुलूप फोडल्याची कथा म्हणून सांगितली जाते. वस्तुतः त्याच्या प्रती त्यापूर्वीच चॅपेलबाहेर गेलेल्या होत्या आणि पुढच्याच वर्षी चार्ल्स बर्नी याने ते लंडनमध्ये छापले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. छापील प्रतीत जे होते ते अगदीच साधे होते. श्रोते ज्याने भारावून जात ते गायकांच्या अलंकरणात, त्यांनी परंपरेने जपलेल्या स्वरांच्या जडणघडणीत होते आणि ते कागदावर उतरलेच नव्हते. नक्कल बाहेर गेली. गाणे चॅपेलमध्येच राहिले.

भातखंड्यांच्या पुस्तकांचेही तसेच आहे. त्यांनी चीज दिली. गायकी दिली नाही, देणे शक्यही नव्हते. पुस्तकातली बंदिश गळ्यावर चढवायची तर पुन्हा कोणापुढे तरी बसावे लागते. स्वरलिपी अशा रीतीने गुप्तता मोडते आणि गुरूची गरज मात्र शिल्लक ठेवते. ध्वनिमुद्रणाची गोष्ट निराळी. ते चीज घेते, गायकी घेते, त्या रात्रीचा बसलेला आवाज घेते, विसरलेला अंतरा आणि तबलजीवर काढलेला रागही घेते. बंदिशीच्या बाबतीत ‘ती कोणाची?’ हा प्रश्न विचारता येतो आणि ‘परंपरेची’ हे उत्तरही देता येते. एका विशिष्ट रात्री एका विशिष्ट माणसाचा श्वास कोठे तुटला ही गोष्ट परंपरेची आहे, असे म्हणता येत नाही.

मैफल ही संहिता नसून कोणाला तरी उद्देशून केलेले उच्चारण आहे, हा मुद्दा साहित्यसमीक्षेच्या अभ्यासकाला नवा वाटू नये. प्लेटोच्या ‘फेड्रस’ संवादात सॉक्रेटिस लिखिताविरुद्ध जी तक्रार करतो ती हीच : लिहिलेला शब्द कोठेही भटकतो, कोणाशी बोलावे आणि कोणाशी गप्प राहावे हे त्याला कळत नाही, आणि त्याच्यावर अन्याय झाला तर त्याला स्वतःचा बचाव करता येत नाही. खासगी मैफलीत गायक समोरची पंचवीस माणसे पाहून गात असतो. त्यांतले दोघे जाणकार आहेत म्हणून तो एखादा अनवट राग काढतो. सगळे घरचे आहेत म्हणून एखादी जागा तीनदा चाचपून पाहतो, चुकतो, हसतो. या मोकळेपणाला ‘दर्जा’ची कसोटी लावता येत नाही, कारण तो विश्वासातून आलेला असतो. फीत बाहेर पडली की हे उद्देशून असणे गळून पडते आणि विश्वासात केलेली चाचपणी जाहीर चूक म्हणून ऐकली जाऊ लागते.

हे धोके आपल्या जुन्या कलावंतांना कळत नव्हते असे मानणे हा आपला अहंकार होय. अल्लादिया खाँसाहेब १९४६पर्यंत हयात होते. ध्वनिमुद्रणाचा धंदा त्यांच्या डोळ्यांदेखत वाढला, तरी त्यांची एकही तबकडी नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांनी तबकड्या दिल्या, पण हात राखून दिल्या. त्यांची ‘जात कहाँ हो’ ही जेमतेम साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. मानवजातीच्या वतीने अज्ञात श्रोत्याला धाडलेल्या संगीतात हिंदुस्थानचा तोच एक आवाज आहे. या घटनेचा अभिमान आपण बाळगतो तो रास्तच आहे. पण तबकडीच्या एका बाजूसाठी बसवलेली ती भैरवी देण्यास त्यांची संमती होती. त्या संमतीवरून तासाभराच्या खासगी मैफलीची संमती अनुमानाने काढता येत नाही. तबकडीसाठी गाणे हे प्रकाशन होते. मैफलीत गाणे हा संवाद होता.

या वादातील सर्वांत अवघड उदाहरण अन्नपूर्णादेवींचे आहे. १९५०च्या दशकानंतर त्यांनी जाहीर वादन केले नाही आणि आपल्या वादनाचे व्यापारी ध्वनिमुद्रण कधी प्रसिद्ध होऊ दिले नाही. २०१८ साली मुंबईत त्यांचे निधन झाले. तरीही त्यांच्या सूरबहारची मोजकी ध्वनिमुद्रणे रसिकांमध्ये फिरत आली आहेत आणि ज्याने ती ऐकली तो ती ऐकायला नको होती असे मनापासून म्हणू शकेल, असे मला वाटत नाही. येथे संग्राहक काफ्काचा दाखला देतात. १९२४मध्ये काफ्का वारला. हस्तलिखिते जाळण्याची त्याची इच्छा मॅक्स ब्रोडने पाळली नाही, म्हणून आपल्याला ‘द ट्रायल’ मिळाली. सर्ज्यू चेलिबिदाके याचे उदाहरणही तसेच. हा वाद्यवृंदसंचालक ध्वनिमुद्रणाच्या तत्त्वतः विरोधात होता. १९९६मध्ये त्याच्या निधनानंतर कुटुंबीयांच्या संमतीने त्याच्या म्युनिकमधील मैफली ईएमआय कंपनीने प्रसिद्ध केल्या. चोरट्या प्रती फिरतच होत्या, तेव्हा निदान नीट प्रत निघावी, असा त्यामागे एक युक्तिवाद होता. म्हणजे आधी झालेली आगळीक पुढच्या संमतीचे कारण बनली.

या दाखल्यांनी अन्नपूर्णादेवींचा प्रश्न सुटत नाही. ब्रोडने ‘द ट्रायल’ छापली नसती तर ती नष्ट झाली असती. अन्नपूर्णादेवींनी विद्या नष्ट होऊ दिली नाही. बाबा अल्लाउद्दीन खाँ यांच्याकडून जे मिळाले ते त्यांनी बंद दाराआड वर्षानुवर्षे शिकवले. निखिल बॅनर्जी, हरिप्रसाद चौरसिया अशा वादकांच्या हातून ते आपल्यापर्यंत आलेलेही आहे. परंपरेचे ऋण त्यांनी परंपरेच्या रीतीने फेडले. मग ‘ध्वनिफीत नसती तर परंपरेची हानी झाली असती’ हा युक्तिवाद निदान त्यांच्या बाबतीत उभा राहत नाही. उरते ती आपली भूक. या भुकेला हीन म्हणण्याचे कारण नाही, पण तिला ‘विद्येचे रक्षण’ म्हणू नये. ‘विद्या सर्वांची’ हे वाक्य बहुतेक वेळा घेणाऱ्याच्याच तोंडी असते, हेही या निमित्ताने नोंदवावे.

मात्र याच व्यवहाराची दुसरी बाजू इतकी भक्कम आहे की वरील सर्व आक्षेप मान्य करूनही तो बंद पडावा असे म्हणता येणार नाही. नकार देणारे कलावंत थोडे. ज्यांना कोणी विचारलेच नाही असे अगणित. ध्वनिमुद्रण कंपन्यांनी खपाचा विचार केला आणि आकाशवाणीच्या अनेक फिती पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. लहान गावात राहिलेल्या, नावामागे वलय नसलेल्या किती तरी गायकांचा आवाज आज एखाद्या वकिलाच्या किंवा डॉक्टरच्या कपाटातल्या फितीवर तेवढा शिल्लक असतो. तेथे फीत दाबून ठेवणारा संग्राहक कलावंताच्या संमतीची राखण करीत नसतो, स्वतःच्या मिरासदारीची करीत असतो. मृत गायकाची एकमेव फीत कोणालाही ऐकू न देता ‘माझ्याकडे आहे’ एवढेच सांगत फिरणे, याहून निष्फळ मालकी मला सुचत नाही. मुंबईत १९९०मध्ये ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली तेव्हा जुन्या तबकड्यांभोवतीची ही मिरासदारी थोडी सैल झाली, हे तिचे श्रेय आहे.

देवघेव व्हावी हे मान्य केले, की ती कशी व्हावी हा प्रश्न येतो आणि येथे आपल्या पोथ्यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. पोथीची नक्कल करणारा लिपिकार शेवटी पुष्पिका लिही : मी कोण, कोठे, कोणत्या शकात, कोणासाठी ही प्रत केली, जसे पाहिले तसे लिहिले. प्रत करणाराही पाठाला उत्तरदायी असतो, याची ती कबुली होती. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली ती लिपिकारांनी वाढवलेल्या ओव्यांमुळेच. ध्वनिमुद्रणांच्या दुनियेत पुष्पिका जवळजवळ नाहीच. स्पूल किंचित वेगाने चालला की काळी एकमध्ये गाणारा गायक काळी दोनमध्ये गाऊ लागतो, आवाज बारीक होतो, ताना अकारण चपळ होतात. आणि ऐकणारा अभ्यासक त्यावरून त्या घराण्याच्या आवाजाच्या लगावाविषयी निष्कर्ष काढतो. कोणी खरखर काढण्याच्या नादात तानपुराच पुसून टाकतो. कोणी आलापी ‘लांबते’ म्हणून कापतो. कोणी शिष्याची फीत गुरूच्या नावाने देतो, कारण गुरूच्या नावाला बदल्यात अधिक मिळते. संमतीवाचून घेतलेल्या गाण्यावर चुकीचे नाव घालणे हा दुहेरी अन्याय आहे, आणि दुसऱ्या भागाला तर रसिकतेची सबबही नाही.

‘हे ऐका’ म्हणून फीत पुढे करणे ही स्वतःच एक समीक्षाकृती आहे, हे येथे विसरू नये. बालवयात अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी कानी पडली आणि भीमसेन जोशींच्या आयुष्याला दिशा मिळाली, हे सर्वश्रुत आहे. ती तबकडी दुकानदाराने गिऱ्हाईक बोलावण्यासाठी लावलेली होती. एक रसिक दुसऱ्याला फीत देतो तेव्हा तो योगायोग नसतो. कोणाला, कोणत्या क्रमाने, कशानंतर काय ऐकवावे याचा त्यात निर्णय असतो. म्हाताऱ्या गायकाची थकलेली मैफल नवख्याच्या हाती प्रथम देणारा त्या गायकावर टीकाच करीत असतो, मग त्याचा हेतू काहीही असो. तीच फीत त्या गायकाची भर उमेदीतली गायकी ऐकलेल्याला दिली, तर थकव्यातही टिकलेला आकार त्याला दिसतो. मैफलीतून जे उद्देशून असणे गळून पडले ते काही अंशी पुन्हा निर्माण करण्याची शक्ती देणाऱ्यापाशी असते, ती अशी. हजार फिती एकगठ्ठा देणारा ही शक्ती वापरीत नाही. आजकालची औदार्याची रीत बहुधा तीच आहे.

यातून सगळे प्रश्न मिटतात असे नाही. समजा, एका फितीच्या आरंभीच गायकाचा आवाज आहे : ‘ते यंत्र बंद करा.’ यजमान हसतो, काहीतरी पुटपुटतो, तानपुरे लागतात, पुढे दीड तास अप्रतिम गाणे आहे. प्रत करणाऱ्याने ते पहिले वाक्य ठेवावे की कापावे? कापले तर त्याने संमती रचली. ठेवले तर प्रत्येक प्रतीबरोबर नकार आणि त्याचा भंग दोन्ही पुढे जातात आणि ऐकणारा प्रत्येक जण, गाणे सुरू होण्यापूर्वीच, त्या खोलीतला एक होतो. ते वाक्य ठेवावे असे माझे मत आहे. ते ऐकून कोणी फीत तेथेच थांबवली, तर ती थांबवण्याची संधी त्याला मिळालेली असेल. यजमानाने ती त्या रात्री घेतली नव्हती.