राखणीचा कुत्रा आणि गांवची वाट

पवित्र शास्त्रांत कुत्र्याचें नांव पुष्कळ ठिकाणीं येतें, परंतु मानानें फारसें येत नाहीं. लूकाच्या शुभवर्तमानाच्या १६व्या अध्यायांत गरीब लाजाराजवळ येणारे कुत्रे रस्त्यावरचे आहेत. मार्काच्या ७व्या अध्यायांतील परदेशी बाई ज्यांची गोष्ट काढते ते मेजाखालचे आहेत. नीतिसूत्रांच्या २६व्या अध्यायांत परक्याच्या भांडणांत पडणाऱ्या वाटसरूस कुत्र्याचे कान धरण्याचा दाखला दिला आहे, व खेड्यांत राहणाऱ्यास त्याचा अर्थ फोडून सांगावा लागत नाहीं. मेंढरांच्या राखणीचा कुत्रा मात्र ईयोबाच्या ३०व्या अध्यायांत ओझरता दिसतो आणि नाहींसा होतो. मेंढपाळावर उपदेश पुष्कळ झाले. त्याच्या कुत्र्यावर कोणीं केल्याचें आमच्या ऐकण्यांत नाहीं. प्रिय वाचकहो, आज त्या उपेक्षित प्राण्याविषयीं लिहावें असें आम्हांस वाटतें, कारण त्याचा प्रश्न आतां धनगराच्या वाड्यापुरता राहिला नसून आपल्या शेजारधर्माचा झाला आहे.

मुळशी तालुक्यांतील जांबे हें गांव घ्या. मारुंजी, नेरे, हिंजवडी हा त्याचा शेजार. हिंजवडीस राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभें राहिल्यापासून या सर्व मुलुखाचें रूप पालटत गेलें आहे. जेथें बैलगाडीची चाकोरी होती तेथून खडीचे डंपर, काँक्रीटचे मिक्सर आणि जेवणाचे डबे पोंचविणाऱ्या मोटरसायकली धांवतात. उंच इमारतींत राहावयास आलेलीं कुटुंबें सायंकाळीं मुलांस व आपल्या पाळीव कुत्र्यांस घेऊन त्याच वाटेनें फिरावयास निघतात. जुनें गांव आणि नवी वस्ती हीं दोन्हीं एका अरुंद रस्त्यावर समोरासमोर येतात, आणि मध्यें उभा असतो राखणीचा कुत्रा.

हा कुत्रा कोणाचा कोण, हें समजून घेतलें पाहिजे. पावसाळा सरल्यावर फलटण, बारामती या बाजूंचे धनगर आपले कळप घेऊन निघतात, पुणें जिल्ह्यांतून पश्चिमेकडे जातात, कित्येक घाट उतरून कोंकण गांठतात, आणि मृगाचा पाऊस येण्यापूर्वीं माघारी फिरतात. वाटेवरचे शेतकरी त्यांचीं मेंढरें रात्रीं आपल्या वावरांत बसवितात, कारण लेंडीखताची सर दुसऱ्या खतास नाहीं. त्या उघड्या रानांत लांडगा, बिबट्या व चोर यांपासून कळप राखणें हें वाड्यावरच्या कुत्र्याचें काम. त्याला कोणी हुकूम द्यावा लागत नाहीं. अनोळखी पाऊल वाजलें कीं तो उठतो, पुढें धांवतो, छाती काढून भुंकतो, आणि आलेला माघारी फिरला म्हणजे परत येऊन बसतो. पिढ्यान् पिढ्या धनगरानें याच गुणाचीं पिलें राखलीं.

विलायतेकडील मेंढ्यांचा कुत्रा निराळ्या वळणाचा असतो. स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्या सरहद्दीवरील कॉली कुत्रा भुंकत नाहीं. तो जमिनीशीं वांकून, डोळा लावून, वळसा घेत मेंढरें एकत्र आणतो. वेल्समधील बाला गांवीं १८७३ सालीं अशा कुत्र्यांची परीक्षा भरविली गेली, आणि तशा परीक्षा अद्याप देशोदेशीं भरतात. तेथें कुत्र्याचें धांवणें जितकें पाहतात तितकेंच धन्याच्या शिटीसरशीं त्याचें थांबणेंही पाहतात. सांप्रत शहरांतील लोक हौसेनें असे कॉली कुत्रे घरांत पाळतात, व मग तो धांवत्या चाकामागें कां लागतो म्हणून कपाळास हात लावतात. मेंढरूं नाहीं तर मोटरसायकल, त्याचा डोळा हललेल्या वस्तूवरच जावयाचा. धनगरी कुत्रा परक्यास हाकलतो, कॉली हलत्या वस्तूस वळवूं पाहतो; दोघांच्याही अंगीं जें आहे तें दुष्टपण नव्हे, जागा चुकलेलें काम आहे.

आतां समजा, अशा एखाद्या वाड्यावरचें पिलूं जांब्यांतील एका शेतकऱ्याच्या घरीं आलें. त्याला आपण वाघ्या म्हणूं. गोठ्याशीं बांधलेला, अंगणापलीकडचें जग न पाहिलेला वाघ्या दीड वर्षांचा होतो, आणि धनी त्याला गळ्यांत दोरी घालून रस्त्यावर आणतो. समोरून मोटरसायकल येते. वाघ्या झेंप घेतो, धनी दोरी खेंचतो, आणि मोटरसायकल अर्थातच निघून जाते. धन्यास वाटतें, कांहीं झालें नाहीं. वाघ्याच्या मनांत मात्र मोठी गोष्ट झालेली असते: आपण भुंकलों आणि तो राक्षस पळाला! दुसरे दिवशीं तो अधिक जोरानें भुंकतो, व पुन्हा त्याचा जय होतो. शिवाय दोरीनें बांधलेल्या प्राण्यास दूर सरण्याची वाट नसते. ज्याला पळतां येत नाहीं तो पुढें चाल करून जातो, आणि गळ्यास बसणारा हिसका त्याला जणूं सांगतो कीं येणारी वस्तु खरोखरच वाईट आहे. अशा रीतीनें महिन्याभरांत चांगला राखणदार गांवचा कर्दनकाळ ठरतो.

मग काठी निघते. याविषयीं आम्ही स्पष्ट लिहितों, कारण आपल्या लोकांत काठीवर फार भरंवसा आहे. मारानें भुंकणें थांबूं शकतें, हें खरें. परंतु ज्या भीतीनें तो भुंकत होता ती मारानें दुणावते. मूल दिसलें कीं पाठीवर काठी बसते, एवढेंच वाघ्या शिकतो, आणि त्याच्या हिशेबीं त्या काठीचें कारण तें मूल ठरतें. गुरगुरण्यासाठीं ज्याला वारंवार मारलें तो कुत्रा पुढें गुरगुरल्यावांचून चावतो, म्हणजे इशारा गेला आणि दांत राहिले. धन्याचें ओरडणें हाही उपाय नव्हे. कुत्र्यास वाटतें, धनीही आपल्याबरोबर भुंकूं लागला.

मग करावें काय? रशियांत इव्हान पाव्हलोव्ह या नांवाचे एक शास्त्रज्ञ होऊन गेले. ते खेड्यांतील एका पाद्र्याचे पुत्र असून लहानपणीं धर्मशिक्षणाच्या शाळेंत शिकले होते. पचनाविषयींच्या शोधांकरितां त्यांस १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. अन्नाची खूण आधीं आणि अन्न मागाहून असें वरचेवर घडलें म्हणजे नुसत्या खुणेनेंच कुत्र्याच्या तोंडास पाणी सुटतें, हें त्यांनीं दाखविलें. वाघ्याच्या शिक्षणाची किल्ली हीच. ज्या वस्तूस तो भितो ती भाकरीची खूण झाली पाहिजे.

हें काम मोठ्या रस्त्यावर आरंभूं नये. पहाटे, रहदारी सुरू होण्यापूर्वीं, वाघ्यास रस्त्यापासून दूर, बांधावर किंवा मोकळ्या वावरांत न्यावें. किती दूर, याचें माप गजांत सांगतां येत नाहीं. तें वाघ्याच सांगतो. मोटरसायकल दिसतांच त्याचे कान ताठ झाले परंतु हातांतला तुकडा त्यानें खाल्ला, तर अंतर ठीक आहे. आवडता तुकडा नाकाशीं धरूनही तो घेईना, डोळे वटारून थिजला, तर आपण फार जवळ आलों आहों असें समजून निमूट मागें फिरावें. घाबरलेल्या प्राण्यास शिकवितां येत नाहीं. मोटरसायकल दिसली कीं तुकडा, दिसेनाशी होईपर्यंत तुकड्यामागून तुकडा, आणि ती गेली कीं तुकडे बंद. क्रम उलटा होऊं देऊं नये. आधीं तुकडा आणि मग मोटरसायकल असें झालें, तर भाकरीचाच संशय येऊं लागतो. तुकडे बोटाच्या पेरापेक्षां लहान असावेत. बाजरीची भाकरी, उकडलेलें अंडें, शिजविलेल्या काळजाचा कण, जें घरीं असेल तें. कांदा घातलेलें कालवण मात्र देऊं नये, कांदा कुत्र्यास बाधतो.

कांहीं दिवसांनीं एक नवल दिसतें. मोटरसायकल दृष्टीस पडतांच वाघ्या तिच्याकडे पाहतो आणि वळून धन्याच्या तोंडाकडे पाहतो. ज्यानें हा क्षण पाहिला असेल त्यास आम्ही काय म्हणतों तें कळेल. त्यानंतर चार पावलें पुढें सरकावें. चार पावलें, चाळीस नव्हे. एखाद्या दिवशीं डंपर कर्कश वाजवीत अचानक अंगावर येईल आणि सर्व शिकवण वाहून गेल्यासारखी वाटेल. तेव्हां रागें न भरतां वळून घरीं जावें, व पुढचा एक दोन दिवस त्याला रस्ता दाखवूंच नये, कारण खवळलेलें अंग लवकर निवत नाहीं. गोठ्यांतल्या सांवलींत झोंप घेऊं द्यावी. दोरी हातांत सैल असावी आणि गळ्यापेक्षां छातीवरून पट्टा असल्यास उत्तम. समोरून दुसरा कुत्रा येत असेल तर नाकासमोर चालून न जातां वळसा घेऊन जावें. कुत्र्यांच्या रीतींत तोच शिष्टाचार आहे. दांत लावण्याचा संभव असेल तर जाळीचें मुसकें घालावें, ज्यांत त्याला जीभ काढून धापा टाकतां येतात. मळणीच्या बैलास मुसकें घालणाऱ्या आपल्या लोकांस त्यांत लाज वाटण्याचें कारण नाहीं. आणि पूर्वीं शांत असलेला कुत्रा एकाएकीं चिडूं लागला, तर आधीं गुरांच्या डॉक्टरांस दाखवावें. कानांतली गोचीड किंवा आंतली जखम पुष्कळदां स्वभावाचें नांव घेऊन येते.

नवें पिलूं घरीं आणलें असेल त्यांनीं इतकी वाट पाहूं नये. तिसऱ्या आठवड्यापासून सुमारें बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिलाचें मन उघडें असतें. त्या दिवसांत त्याला कडेवर घेऊन लेकरें, छत्री, सायकल, टोपीवाला मनुष्य, दुधाच्या किटल्यांचा आवाज, हें सर्व हळू हळू आणि गोडीनें दाखवावें. पुढें जें वर्षभरांत साधत नाहीं तें या थोड्या दिवसांत सहज साधतें.

कोणी म्हणेल, एका कुत्र्यासाठीं एवढा खटाटोप कशाला? बंधूंनो, हा खटाटोप न केल्यास काय होतें तें आपणांस ठाऊक आहे. शाळेंतून येणाऱ्या मुलीच्या पोटरीस दांत लागतो. रात्रीं कोणी पिठाच्या गोळ्यांत विष घालून टाकतो. सकाळीं दोन घरें एकमेकांशीं बोलत नाहींत, आणि रविवारीं तींच दोन घरें एका सतरंजीच्या दोन टोकांस बसतात. कायद्याच्या दृष्टीनें पाहिलें तरी दोघेही दोषी: २०२३ च्या भारतीय न्याय संहितेप्रमाणें जनावरास विष घालणें हा गुन्हा आहे, व आपल्या जनावरापासून लोकांस इजा होऊं नये म्हणून पुरेशी काळजी न घेणें हाही गुन्हा आहे. परंतु मोडलेला शेजार कोर्टांत जुळत नाहीं.

दांत लागलाच तर मिरची, चुना, हळद यांच्या नादीं न लागतां जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत जाऊन लस टोंचून घ्यावी. पिसाळ रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागल्यावर रोगी क्वचितच वांचतो. वेळेवर घेतलेल्या लसीनें मात्र तो रोग टळतो. कुत्र्यासही दर वर्षीं ती लस द्यावी.

या ठिकाणीं मंडळीच्या वडिलांस व उपदेशक बंधूंस एक गोष्ट विचारावीशी वाटते. भीतीनें भुंकणारीं माणसें आपल्या मंडळींत नाहींत काय? कोणी नवा आलेला मनुष्य सभेंत शब्दाशब्दाला उसळतो, कारण जन्मभर त्याच्या दाराशीं जो आला तो कांहीं तरी हिसकावून घेण्यास आला. त्याला आपण पहिल्याच दिवशीं सर्वांच्या मध्यें उभा करतों, आणि तो उसळला म्हणजे चारचौघांत झाडतों. त्याची भाकरी खाण्याइतकी शांति कोणत्या अंतरावर टिकते, हें कोणीं पाहिलें? एका घरीं, एका पडवींत, एकट्यानें जाऊन बसण्यास आपणांस कितीदां सवड झाली? धनगर कळपाच्या पुढें चालून हाक देतो, आणि लंगडें कोंकरूं मागें राहिलें तर सारा कळप थांबवितो. तो घाई करीत नाहीं, म्हणूनच त्याचीं मेंढरें कोंकणापर्यंत पोंचतात.

राहतां राहिली वाटसरूची गोष्ट. आमचे उपदेशक सायंकाळीं वाडीवस्तीवर जातात, त्यांस धनगराचा वाडा आडवा येतो. मेंढरांच्या मधून वाट काढूं नये. दुरूनच थांबून धनगरास हाक द्यावी, म्हणजे कुत्र्यासही कळतें कीं हा लपून येणारा नव्हे. कुत्रे धांवून आलेच तर पळूं नये, दगड उचलूं नये, त्यांच्या डोळ्यांस डोळा लावूं नये. अंग किंचित् तिरकें करून, हात खालीं सोडून उभें राहावें. धनगर येईल, कुत्र्यांस नांवानें बोलावील, आणि मग त्याच्या मागोमाग वाड्यांत जावें.