माकडाचे ‘नॉर्मल’ आणि आपली जबाबदारी



रक्त-लघवीचा रिपोर्ट हाती आला की आपण आधी शेजारचा ‘नॉर्मल’चा रकाना पाहतो. प्रयोगशाळेतील माकडांसाठीही असा तक्ता लागतो, आणि तो प्रत्येक जातीचा वेगळा. भांडुपच्या पश्चिमेकडील राष्ट्रीय उद्यानात दिसणारे, डोक्यावर केसांची टोपी असलेले बॉनेट माकड आणि उत्तर भारतातले ऱ्हिसस ही जवळची भावंडे. तरी एकाचे आकडे दुसऱ्याला तसेच लावता येत नाहीत. दक्षिण अमेरिकेतले मार्मोसेट तर जेमतेम ३५० ग्रॅमचे. त्याच्या अंगात रक्त असते साधारण २५ मिलिलिटर. आपल्या दंडातून सहज काढतात तेवढे ५ मिलिलिटर काढले, तर त्याचे पाचव्या हिश्शाचे रक्त गेले!

निरोगीपणी काय असते हे ठाऊक नसेल, तर औषधाने काय बिघडले हे कळत नाही. म्हणून हा तक्ता. २०२० साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत कोव्हॅक्सिन लस २० ऱ्हिसस माकडांवर तपासण्यात आली. पाच-पाचांचे चार गट; तिघांना लस, चौथ्याला लसीविना टोचणी. नंतर सर्वांना विषाणूचा संसर्ग दिला. लस न मिळालेल्यांत न्यूमोनिया आढळला, लस मिळालेल्यांत नाही. पुढे आपल्यातल्या अनेकांनी तीच लस घेतली.

हे योग्य होते का? ‘माकडच ते’ म्हणून प्रश्न झटकता येत नाही. ‘असे प्रयोग कधीच नकोत’ असेही चटकन म्हणवत नाही. त्या दोन वर्षांत ज्यांनी घरचे माणूस गमावले, त्यांना तर नाहीच. ख्रिस्तसभेची शिकवण अशी की, मानवी जीव वाचवण्यासाठी, मर्यादेत राहून केलेले प्रयोग मान्य. पण प्राण्याला विनाकारण यातना देणे हे माणसाच्याच प्रतिष्ठेला बाधक.

इथे आपण थोडे थांबू या. माकड आपल्यासारखे आहे, म्हणून ते उपयोगी पडते. मग ज्या साम्यामुळे त्याचे रक्त आपल्या कामाचे, त्याच साम्यामुळे त्याची भीती आणि वेदनाही आपल्या जवळची ठरत नाही काय? उपयोगापुरते साम्य मानायचे आणि दुःखाची वेळ आली की फरक दाखवायचा, हा प्रामाणिकपणा नव्हे.

तक्ताही हेच सांगतो. पकडताना माकड घाबरले, झटापट झाली, की त्याच्या रक्तातील साखर आणि पांढऱ्या पेशी वाढतात. मग आपण ‘नॉर्मल’ म्हणून लिहितो ती त्याची भीती असते. सौम्य हाताशिवाय आकडाही खरा मिळत नाही. आणि एकदा खरा मिळालेला आकडा जपून ठेवला, इतरांना दिला, तर पुढच्या प्रयोगात कमी प्राणी लागतात. १९५९ साली रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी हेच मांडले होते: शक्य तिथे प्राण्याला पर्याय शोधा, संख्या घटवा, यातना कमी करा.

चिमणीचाही देवाला विसर पडत नाही, असे प्रभू येशूने सांगितले. आपल्याला मात्र त्या २० माकडांचा सहज विसर पडला. उद्या गोळी घेताना वा लस टोचून घेताना देवाचे आभार मानू या, आणि त्या आभारात त्या मुक्या जिवांनाही जागा देऊ या. आपल्या घरातली जी मुले विज्ञान शिकत आहेत, त्यांना एवढे अवश्य सांगू या: बाळांनो, आकडा लिहिण्याआधी तो कोणाच्या अंगातून आला, हे पाहा.