कापलेला रकाना

शहापूर-मुरबाडकडे जमिनीची बोलणी आता अनेकदा एका चित्रावरून सुरू होतात. घरच्या संगणकावर महाभूलेखचे संकेतस्थळ उघडायचे, गाव आणि गट क्रमांक निवडून सातबारा पडद्यावर आणायचा, स्क्रीनशॉट काढायचा, हवा तेवढा भाग ठेवून बाकीचा कापायचा आणि व्हॉट्सअॅपवर पाठवून द्यायचा. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो. इथल्या वरकस जमिनीलाही आज गिऱ्हाईक आहे, त्यामुळे या चित्रांची ये-जा साधी राहिलेली नाही. पडद्याचे चित्र टिपणारा स्वतःला फार तर नक्कल उतरवणारा समजतो. माझ्या मते तो साक्षीदार असतो, आणि साक्षीदाराने किती सांगितले याइतकेच काय गाळले याचेही उत्तर त्याला द्यावे लागते.

सातबाऱ्यावर काय कुठे असते ते पाहिले की हे पटेल. गाव नमुना सातमध्ये एका बाजूला क्षेत्र व आकारणी, मध्ये भोगवटादारांची नावे आणि उजवीकडच्या रकान्यात कुळाचे नाव, खंड आणि इतर अधिकार. घेणाऱ्याला क्षेत्र आणि मालकाचे नाव हवे असते, ते डावीकडे आणि मध्ये मिळून जाते. जमिनीचा सगळा गुंता उजवीकडे असतो. सोसायटीच्या कर्जाचा बोजा तिथे, कुळाची नोंद तिथे, विहिरीच्या पाण्यातला हिस्सा तिथे. वारसनोंद करताना भावांना भोगवटादार दाखवून बहिणींची नावे इतर हक्कात टाकण्याची रीत महाराष्ट्रात वर्षानुवर्षे चालत आली. अशा बहिणींचा माहेरच्या मातीशी उरलेला कागदोपत्री धागा म्हणजे तो रकाना. या दोन तालुक्यांत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांची मोठी वस्ती आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६ आणि ३६ अ प्रमाणे आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही, आणि त्या निर्बंधाची नोंदही सहसा याच रकान्यात सापडते. तो कापून पाठवलेल्या चित्रात एकही अक्षर खोटे नसते. म्हणूनच त्यातली लबाडी हाती लागत नाही. आपल्याला काय दिसलेले नाही, हेच पाहणाऱ्याला ठाऊक नसते.

कोणी म्हणेल, मोबाइलवर अख्खा सातबारा वाचता येत नाही म्हणून कापावा लागतो. मग दोन चित्रे पाठवावीत. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: खरेदीखतापूर्वी वकील शोध घेतो, फेरफार तपासतो, तेव्हा कापलेल्या चित्राने कोणाचे नुकसान होते? घेणाऱ्याचे बहुधा होत नाही. पण खरेदीखताच्या आधी इसार होतो. इसाराचे पैसे घरात येतात, खर्च होतात, आणि मग व्यवहार पुरा करण्याची निकड सगळ्या घरावर येते. ज्या बहिणीचे नाव चित्रातून गळले होते, तिच्याकडे आता हक्कसोडपत्रावर सही मागायला माणसे जातात. तोवर भाव ठरलेला, दिवस ठरलेला. शोध घेणारा वकील घेणाऱ्याने नेमलेला असतो. तिच्या बाजूचे त्या बैठकीत कोणी नसते. चित्र कापताना बोट फिरले ते तिच्या नावावरून, आणि हे त्या क्षणी फक्त संगणकापुढे बसलेल्याला माहीत होते.

स्क्रीनशॉट दुबळ्याच्याही कामी येतो, हा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. आज दिसणारे नाव एखाद्या फेरफारानंतर दिसेनासे होते. आधीची नोंद टिपून ठेवली असेल, तर तहसील कार्यालयात बोलायला आधार मिळतो. तो जरूर टिपावा. फक्त आधार आणि पुरावा यांत अंतर आहे, आणि ते आपल्याच राज्यातल्या खटल्याने स्पष्ट केले. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आले की नाहीत, हा वाद कॅमेऱ्याच्या चित्रणापर्यंत गेला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितले, की इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवेच. मात्र ते मिळवण्यासाठी ज्याने शक्य ते सारे केले आणि तरी ते मिळाले नाही, त्याची वाट अडवायची नाही. गरिबाला या दुसऱ्या वाक्याचा मोठा आसरा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नेही प्रमाणपत्र कायम ठेवले. ही केवळ न्यायालयाची कटकट नव्हे. ब्राउझरमध्ये पानावरचे शब्द घटकाभर बदलून चित्र टिपणे कोणालाही जमते. अशा वेळी चित्रात काहीच फेरफार केलेला नसतो, तो पानातच केलेला असतो. त्यामुळे कोणी, कोणत्या यंत्रावर, केव्हा टिपले, हे विचारावेच लागते.

मग टिपायचेच तर पूर्ण खिडकी टिपावी: वरचा पत्ता, खालचे घड्याळ आणि तारीख, सातबाऱ्यावरची प्रलंबित फेरफाराची आणि शेवटच्या फेरफाराची ओळ, सगळे त्यात यावे. मूळ फाइल संगणकावर तशीच ठेवावी, कारण व्हॉट्सअॅपवरून जाताना चित्र आक्रसते आणि त्याच्या पोटातली माहिती गळते. प्रत्यक्ष व्यवहारासाठी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो, त्यावर पडताळणी क्रमांक असतो. फुकट पाहायची प्रत ही केवळ माहितीसाठी आहे.

घरात संगणक चालवणारे बहुधा कॉलेजात जाणारे पोर असते आणि जमीन ज्यांच्या नावावर, त्या म्हाताऱ्यांना पडद्यावरची बारीक अक्षरे लागत नाहीत. त्या पोराने काही कापण्यापूर्वी सातबारा मोठ्याने वाचून दाखवावा, तोही उजवीकडून. त्यात आत्याचे नाव निघाले तर तिला फोन करायची वेळ तीच, इसाराच्या आधीची.