लाल खोलीतलं पोकळ सामान

चित्रकार आंरी मातिसच्या खोल्या छापील पानावर फार गोड दिसतात. कॅलेंडर, कप, मोबाइलचा पडदा, कुठेही झकास! घोळ तिथेच होतो. भडक रंगात घरं रंगवणारा म्हणजे घर सजवणारा, असं आपण धरून चालतो.

मॉस्कोचा कापड-व्यापारी सर्गेई श्चुकिन याने आपल्या जेवणाच्या खोलीसाठी मातिसकडून निळं चित्र मागवलं होतं. मातिसने ते पुन्हा रंगवून १९०८ साली लालभडक केलं. टेबलावरचं कापड आणि मागची भिंत एकाच रंगाची, एकाच नक्षीची. टेबल कुठे संपतं, तेच कळेना. श्चुकिनने ते घेतलं. मात्र मातिसचं १९११चं चित्र ‘द रेड स्टुडिओ’ नाकारलं. सजावटीची हद्द बहुधा तिथेच संपली असावी.

‘द रेड स्टुडिओ’ सव्वादोन मीटरच्या आसपास रुंद आहे. त्यातल्या खोलीत आधी गुलाबी, निळे, पिवळसर रंग होते. आपल्या गेरूचा भाऊबंद शोभेल असा तांबडा नंतर आला. प्रत्यक्ष जवळ गेलं की दिसतं, खुर्ची-टेबलाच्या रेघा वरून काढलेल्याच नाहीत. तांबडा फासताना खालचा रंग तेवढा बारीक उघडा ठेवलाय. म्हणजे सामान पोकळ, नुसती कड. उभ्या घड्याळाला काटेही नाहीत. भरीव आहेत ती मातिसने स्वतः केलेली चित्रं आणि शिल्पं. विकत आणलेलं सगळं लाल रंगात विरलं, हाताने घडवलेलं तेवढं उरलं. घराबद्दल इतकं रोखठोक विधान मी दुसऱ्या चित्रात पाहिलेलं नाही.

२०२२ साली न्यूयॉर्कच्या ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’ने या चित्राभोवती त्यात दिसणाऱ्या कलाकृती जमवल्या: सहा चित्रं, तीन शिल्पं, एक चिनीमातीची बशी. त्यात दिसणारं एक मोठं नग्नचित्र मात्र मातिसच्याच इच्छेने नष्ट झालेलं. कल्पना उत्तम, पण अशा मांडणीत धोकाही असतो. माणसं खरी बशी आणि चित्रातली बशी जुळवत बसतात, नि मधला लाल रंग बघायचा राहतो.

एकेकाळी हे चित्र लंडनच्या एका नाइटक्लबात टांगलेलं होतं; १९४९पासून ते याच संग्रहालयाच्या मालकीचं आहे. तिकडे जाणं झालं, तर फोटो नंतर काढा. आधी खुर्चीच्या कडेशी डोळे न्या.