एक कुलूप, एक विहीर

आमच्या वाशीम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यात शिरपूर आहे. तिथली अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती जमिनीला टेकलेली नाही, अशी श्रद्धा आहे. दिगंबर आणि श्वेतांबर, दोघांचंही हे तीर्थ. 1905 मध्ये दोघांनी पूजेच्या वेळा वाटून घेतल्या. तरी वाद राहिलाच: मूर्तीच्या लेपात कटिसूत्र आणि कच्छोट असावेत की नाही? प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. 1929 मध्ये तिथला निकाल आला, 1981 मध्ये मूर्ती कुलपात गेली आणि सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर 2023 मध्ये कुलूप उघडलं.

वस्तूला अनेक बाजू असतात, एका बाजूने पाहिलेलं तेवढ्यापुरतंच खरं, हा अनेकान्तवाद जैनांचाच. मग तिथेच असं का व्हावं? पुण्यात बसून मला हसू यायचं. आमच्या कामात याला डेडलॉक म्हणतात: दोन प्रोग्राम एकमेकांसाठी अडून बसतात आणि दोघंही ठप्प.

मग घरचीच विहीर आडवी आली. बाबा आणि काकांची ती सामाईक. मी एक्सेलमध्ये पाळ्या लावून दिल्या: बाबांना सोमवार ते बुधवार, काकांना गुरुवार ते शनिवार. तास अगदी सारखे. काका म्हणाले, "हे काही बराबर नाही, राजा." मला तो म्हातारपणाचा हट्ट वाटला.

दिवाळीनंतर हरभऱ्याच्या पाण्याला त्यांच्यासोबत वावरात गेलो. लाईन आली रात्री बाराला. थंडी, चिखल, बॅटरीच्या उजेडात साप आहे का बघत पाइप सरकवायचे. पहाटे डोक्यात प्रकाश पडला: आठवड्याच्या सुरुवातीला लाईन दिवसा असायची, नंतर रात्री. माझ्या तक्त्यात तास होते, अंधार नव्हता.

शिरपूरचं आता हसू येत नाही. विचार करताना दोन्ही बाजू मनात ठेवता येतात. पण मूर्तीवर कच्छोट एकतर असेल, नाहीतर नसेल. ठरवताना कुणाचं तरी उणं होतंच. ते कुणाचं, हे खुर्चीत बसून कळत नाही. त्याच्या धुऱ्यावर जाऊन उभं राहावं लागतं.

मी तक्ता बदलला. आता पाळ्या आठवड्याआड उलटतात. बाबा महिनाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. मोटार त्यांनी एकट्याच्या पैशाने बसवली होती. तेही मी कुठे धरलं नव्हतं.