गाव कोणाचे?

गावावर खरा हक्क कोणाचा? आधी आलेल्याचा, जिंकणाऱ्याचा, की तेथे राबणाऱ्याचा? बेथलेहेमविषयी हा प्रश्न आज जग विचारते; पण तो आपल्या नगरलाही चुकलेला नाही.

हे शहर मलिक अहमद निजामशहाने १४९० साली सीनाकाठी वसविले. काही काळ याच दरबारी असलेला इतिहासकार फिरिश्ता सांगतो की, अहमदाचे घराणे मूळचे पाथरीच्या ब्राह्मणांचे. पुढे मोगलांपुढे ही निजामशाही पाव शतक तगविणारा मलिक अंबर हा अबिसीनियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी. १५९५-९६ च्या वेढ्यात किल्ला लढविणारी चांदबिबी इथली लेक, विजापूरची सून. १७५९ मध्ये किल्ला पेशव्यांकडे, १८०३ मध्ये इंग्रजांकडे गेला. २०२४ साली शहर अहिल्यानगर झाले, तेही चौंडीच्या ज्या लेकीवरून, तिचे कर्तृत्व माळव्यात गाजले. यांत ‘मूळचा’ कोण, हे ठरवू पाहणाऱ्याने आधी स्वतःची वंशावळ काढावी!

आणि मूळचे असून तरी काय मिळते? आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर राहिले. वेस त्यांनी राखली, सांगावे त्यांनी पोचविले, मेलेली गुरे त्यांनी ओढली. शिवेचा तंटा पडला की साक्ष त्यांचीच ग्राह्य धरीत. पाणवठा मात्र त्यांना बंद! गावाची शीव ज्यांना सर्वांत चांगली ठाऊक, गाव त्यांचे नव्हते.

पवित्र शास्त्रातील बेथलेहेमही परक्यांवाचून उभे राहिलेले नाही. मवाबी रूथ सासूबरोबर तेथे आली, बवाजाच्या शेतात तिने सरवा वेचला, आणि दावीद राजा तिचा पणतू झाला. मग सगळेच कधी ना कधी बाहेरून आलेले, तर कोणी कोणाला हुसकावले म्हणून काय बिघडले, असे कोणी म्हणेल. आम्हांला ते पटत नाही. रूथ कोणाला उठवून आली नव्हती. अहाबासाठी नाबोथाचा वडिलोपार्जित द्राक्षमळा मात्र खोटे साक्षीदार उभे करून, नाबोथाचा जीव घेऊन मिळविला गेला. दोघांतला भेद कोण आधी आले, याचा नाही.

यहुदी लोकांनी देशोदेशी शतकानुशतके हुसकावले जाणे सोसले, हे विसरणे अन्यायाचे होईल. पण त्या दुःखाची भरपाई दुसऱ्याच्या अंगणातून करता येत नाही. १९४८ मध्ये सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले. बेथलेहेममध्ये एके काळी ख्रिस्ती बहुसंख्य होते. आज ते अल्पसंख्य आहेत. ऑलिव्हच्या लाकडावर आणि शिंपल्यावर कोरीव काम करणाऱ्या त्या गावातील कितीतरी घराणी दूर चिलीला गेली. जी राहिली, त्यांना जेमतेम दहा किलोमीटरवरील येरुशलेमला जायचे तर परवाना लागतो; मध्ये उंच भिंत आहे.

गावालगतच्या छावण्यांत निर्वासितांची नातवंडे-पतवंडे राहतात. १९४८ मध्ये कुलूप लावून सोडलेल्या घरांच्या किल्ल्या तेथे अजून जपल्या जातात. त्यांतील पुष्कळ घरे आता उभी नाहीत.