विसाव्याचा हक्क आणि पूर्तधर्म

महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२५ मध्ये राज्यातील ३९४ नगरपरिषदा व नगरपंचायतींना उद्याने विकसित करण्यासाठी प्रत्येकी एक कोटी रुपये देण्याचा निर्णय जाहीर केला, आणि एरवी मोठ्या शहरांपुरता समजला जाणारा एक विषय वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूरसारख्या लहान नगरपंचायतीच्याही दाराशी येऊन ठेपला. वरवर पाहता हा विषय जागा, अंदाजपत्रक आणि निविदा यांचा आहे. परंतु त्याच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न आहे. ज्या तालुक्याचे जगणे कापूस, सोयाबीन आणि तूर यांच्या हंगामांवर चालते, तेथे काही जमीन पीक न घेता आणि दुकान न उभारता केवळ माणसांच्या विसाव्यासाठी राखून ठेवण्याचा अधिकार समाजाला कोठून मिळतो, आणि त्या जागेवर येऊन बसणारा माणूस तेथे कोणाचा आश्रित असतो की स्वतःच्या हक्काने बसलेला असतो, हा तो प्रश्न होय. भारतीय धर्मविचारात या प्रश्नाचे अर्धे उत्तर प्राचीन काळापासून आहे. उरलेले अर्धे विसाव्या शतकात मोठ्या संघर्षातून मिळाले. आणि ही दोन्ही उत्तरे एकत्र ठेवल्याशिवाय सार्वजनिक उद्यानाचा अर्थ पुरता उलगडत नाही.

प्रथम कायद्याची चौकट पाहणे आवश्यक आहे. नगरपंचायत ही ग्रामीण स्वरूपाकडून नागरी स्वरूपाकडे संक्रमण करणाऱ्या क्षेत्रासाठी राज्यघटनेने योजलेली संस्था आहे. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांकडे सोपवावयाच्या कामांची जी बारावी अनुसूची घटनेत आली, तिच्यात उद्याने, बगिचे आणि क्रीडांगणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे ही कामे प्रशासनाच्या हौसेची नसून त्याच्या कर्तव्यक्षेत्रातील आहेत. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ यानुसार गावाच्या पुढील वाढीचा जो नकाशा व नियम तयार होतात त्यांना विकास आराखडा म्हणतात, आणि त्यात एखादी जागा विशिष्ट सार्वजनिक कारणासाठी राखून ठेवणे म्हणजे आरक्षण होय. याखेरीज २०२० च्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर ले-आऊट पाडताना साधारणपणे दहा टक्के क्षेत्र मोकळे सोडावे लागते, ज्याला विदर्भात सर्रास ‘ओपन स्पेस’ म्हटले जाते. गावाच्या कडेची शेते अकृषक होऊन त्यांचे भूखंड पडू लागतात, तेव्हा पुढच्या पिढीला खेळायला आणि टेकायला जागा उरेल की नाही, हे याच तरतुदींच्या प्रामाणिक अंमलबजावणीवर ठरते, कारण एकदा घरे उभी राहिली की मोकळी जागा नव्याने निर्माण करता येत नाही.

कायदा अधिकार देतो, परंतु त्या अधिकाराचे औचित्य कायद्याबाहेर शोधावे लागते. धर्मशास्त्राने सत्कर्माचे इष्ट आणि पूर्त असे दोन भाग केले आहेत. यज्ञयागादी वैदिक कर्म म्हणजे इष्ट. आणि विहिरी, तलाव, देवालये बांधणे, अन्नदान करणे व बागा लावणे यांसारखे लोकोपयोगी कर्म म्हणजे पूर्त. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या भेदाची सविस्तर चर्चा केली आहे. त्या चर्चेतील दोन गोष्टी येथे विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, वैदिक यज्ञाचा अधिकार ज्यांना नाकारला गेला होता त्या शूद्रांनाही पूर्तकर्माचा अधिकार मान्य होता. म्हणजे लोकांसाठी झाड लावणे हे धर्मकृत्य मानताना शास्त्रकारांनी दार इतर कर्मांपेक्षा अधिक रुंद उघडले होते. दुसरी गोष्ट उत्सर्गाची. दानामध्ये देणारा असतो आणि स्वीकारणारी विशिष्ट व्यक्ती असते. उत्सर्गामध्ये मात्र तलाव किंवा बाग यांवरील आपले स्वामित्व कर्ता सर्व प्राण्यांसाठी सोडून देतो आणि ते स्वीकारणारी कोणतीही एक व्यक्ती नसते. उत्सर्गानंतर त्या कर्त्याला त्याच तलावाचे पाणी पिता येते, पण मालक म्हणून नव्हे, तर सर्वांपैकी एक म्हणून.

हा विचार असामान्य आहे, कारण त्यात उपकाराला जागाच उरत नाही. ज्या बागेचा उत्सर्ग झाला तिच्या सावलीत बसणारा वाटसरू कोणाचाही ऋणी नसतो, आणि ती लावणारा तेथे कोणाचाही यजमान नसतो. सम्राट अशोकाने रस्त्यांच्या कडेला वड आणि आंबराया लावल्याचे त्याच्या स्तंभलेखात नोंदवले आहे, आणि माणसांबरोबर पशूंनाही त्यांचा उपयोग व्हावा असा त्यामागील हेतू तेथेच सांगितला आहे. लाभार्थींची यादी न करता लाभ निर्माण करणे हे पूर्तधर्माचे वैशिष्ट्य त्या लेखातही दिसते. आजचे सार्वजनिक उद्यान याच परंपरेचे नागरी रूप मानता येते. फरक एवढाच की येथे उत्सर्ग करणारा एखादा राजा किंवा सावकार नसून कर भरणारा संपूर्ण समाज असतो, म्हणून देणारे आणि वापरणारे हे दोन निराळे वर्ग राहतच नाहीत.

तथापि परंपरेचे हे उत्तर अर्धेच का, याचा निर्णय महाडने केला. तलाव ‘सर्व प्राण्यांसाठी’ सोडला असे संकल्पात म्हणणारा समाज प्रत्यक्षात त्या पाण्याला माणसांचा एक मोठा समूह शिवू देत नव्हता. पशूंना जे पाणी मोकळे होते ते माणसांना बंद होते. मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा इत्यादी जागा अस्पृश्यांना खुल्या केल्या, महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले असल्याचे ठरवले, आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी घेईपर्यंत तो ठराव कागदावरच राहिला. पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाज यांच्या पुढाकाराने अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुले झाले. महाडने शिकवलेले तत्त्व असे की, एखादी जागा सार्वजनिक असल्याची घोषणा तिला सार्वजनिक करत नाही. ज्याचा तेथील वावर सर्वांत जास्त खटकतो तो माणूस तेथे निर्वेधपणे वावरू शकला, तरच ती सार्वजनिक होते. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वावराच्या जागा यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून मज्जाव करण्यास बंदी घातली, तेव्हा उत्सर्गाच्या जुन्या संकल्पाला त्यात नसलेले बळ मिळाले.

येथे एक गंभीर आक्षेप विचारात घ्यावा लागतो, आणि तो वर्धा जिल्ह्याच्या भूमीतूनच उगवतो. १९३६ मध्ये महात्मा गांधी शेगाव येथे राहायला आले, ते गाव पुढे सेवाग्राम झाले. पवनारला विनोबांचा आश्रम होता. या दोन्ही ठिकाणी शरीरश्रम हे व्रत होते आणि श्रमाशिवाय खाणे हा दोष मानला जात असे. अशा विचाराचा वारसा सांगणाऱ्या जिल्ह्यात सार्वजनिक पैसा करमणुकीवर का खर्चावा, असे कोणी विचारले तर तो प्रश्न उथळ ठरत नाही. रस्ता, नाली आणि पिण्याचे पाणी यांची गरज डोळ्यांसमोर असताना झोपाळा आणि घसरगुंडी यांना प्राधान्य देणे हे चैनीचे लक्षण वाटू शकते.

या आक्षेपाला सर्वांत समर्थ उत्तर आंबेडकरांनीच दिले आहे. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स’ या ग्रंथात गांधीविचाराची चिकित्सा करताना त्यांनी असे मांडले की, केवळ पोट भरण्यासाठी अखंड राबणे हे पशुजीवन आहे, माणसाला मन असल्यामुळे त्याला संस्कृतीचे जीवन हवे असते, आणि फुरसतीशिवाय ते जीवन शक्य नसते. म्हणून प्रश्न फुरसत असावी की नसावी हा नसून ती काही थोड्यांचीच का असावी, हा आहे. फुरसत अस्तित्वातच नव्हती असे कधीच नव्हते. वाड्यांच्या ओसरीवर आणि खासगी बागांत ती होतीच. कापूस वेचणाऱ्या आणि निंदण करणाऱ्या शेतमजूर स्त्रीच्या वाट्याला मात्र शेतातील काम आणि घरातील काम यांच्यामध्ये स्वतःची म्हणावी अशी जागाही आली नाही आणि वेळही आला नाही. तिच्या दृष्टीने सार्वजनिक उद्यान ही चैन नसून आजवर नाकारलेल्या गोष्टीची पहिली परतफेड आहे. शिवाय श्रमाचा आदर आणि विसाव्याचा आदर यांत वास्तविक विरोध नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात आहार, विहार, कर्म आणि झोप या चारही गोष्टी प्रमाणात ठेवणाऱ्याचाच योग दुःख दूर करतो असे सांगितले आहे, आणि शंकराचार्यांनी तेथील विहाराचा अर्थ चालणे-फिरणे असा केला आहे. जो विचार श्रमाला व्रत मानतो त्याने श्रमणाऱ्याच्या विसाव्यालाही व्रताचा भाग मानले पाहिजे. अन्यथा ते व्रत एकाचे आणि कष्ट दुसऱ्याचे अशी वाटणी होते.

दुसरा आक्षेप जमीनमालकाचा आहे, आणि तोही न्यायाचाच आहे. उत्सर्ग स्वेच्छेने होतो, तर आरक्षण मालकाच्या इच्छेविरुद्धही पडते. वर्षानुवर्षे आरक्षण ठेवायचे, जमीन संपादित करायची नाही, मोबदला द्यायचा नाही आणि मालकाला तिचा वापरही करू द्यायचा नाही, हा सार्वजनिक हिताच्या नावाने केलेला अन्याय होय. १९६६ च्या अधिनियमातील कलम १२७ नुसार दहा वर्षे जमीन संपादित न झाल्यास मालकाला नोटीस देता येते, आणि त्यानंतर ठरावीक मुदतीत संपादनाची पावले उचलली न गेल्यास आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपुष्टात येते. याउलट, एकदा लोकांसाठी राखलेली जागा दुसऱ्या उपयोगासाठी देऊन टाकण्याचा अधिकारही प्रशासनाला सहजासहजी नसतो. बंगळूरमधील उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयासाठी दिली गेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ते वाटप अवैध ठरवले, आणि रुग्णालयाची उपयुक्तता मान्य असली तरी ती उद्यानाची भरपाई करू शकत नाही, अशी भूमिका घेतली. या दोन नियमांतून प्रशासनाचे खरे स्थान स्पष्ट होते: जमीन घेताना त्याने मालकाशी न्यायाने वागावे, आणि घेतल्यावर स्वतःला मालक समजू नये, कारण तेथे ते केवळ विश्वस्त असते.

ही तत्त्वे समुद्रपूरला लावली तर उद्यानाची आखणी कशी असावी याचे पुष्कळसे उत्तर आपोआप मिळते. वर्ध्याच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. तेथे हिरवळीचे गालिचे आणि कारंजी यांपेक्षा कडुनिंब, वड, पिंपळ आणि करंज यांची सावली अधिक धर्म्य आहे, कारण ज्या वर्षी प्यायच्या पाण्याची टंचाई असेल त्या वर्षी गवताला पाणी घालणे लोकांच्याच तोंडचे पाणी पळवणे ठरेल. प्रवेशशुल्क लावले की जागा पुन्हा निवडक लोकांची होते. दिवे आणि स्वच्छ प्रसाधनगृह नसले तर अंधार पडताच ती स्त्रियांसाठी बंद होते, मग फाटकावर काहीही लिहिलेले असो. सर्व सोयी एकाच वस्तीत एकवटल्या तर दूरच्या प्रभागातील लहान मुले आणि वृद्ध आपोआप वगळले जातात. ओपन जिमची साधने आणि आकर्षक प्रवेशद्वार यांच्या आधी हे प्रश्न सुटले पाहिजेत. अशा मोकळ्या वावराची कल्पना या तालुक्याला परकी नाही. गिरडच्या टेकडीवरील बाबा फरीद यांच्या दर्ग्याला हिंदू आणि मुसलमान दोघेही जातात, आणि तेथे येण्यासाठी कोणाला स्वतःची ओळख पटवावी लागत नाही. श्रद्धेच्या जागी जे सहज घडते ते नागरिकत्वाच्या जागीही घडावे, एवढीच अपेक्षा आहे.

शेवटी निगेचा मुद्दा उरतो, आणि तोच कसोटीचा आहे. उद्घाटनाच्या दिवशी प्रत्येक उद्यान सुंदर असते. परंतु पाच वर्षांनंतर ते कसे असेल हे नगरपंचायतीच्या वार्षिक अंदाजपत्रकात माळ्याचा पगार, पाण्याचा खर्च आणि दुरुस्ती यांसाठी स्वतंत्र तरतूद आहे की नाही यावर अवलंबून असते. स्मृतिकारांनी मोडकळीला आलेल्या विहिरी, तलाव आणि देवालये यांचा उद्धार करणाऱ्यालाही मूळ पूर्तकर्माचेच फळ मिळते असे सांगितले आहे. या वचनाचा नागरी अर्थ स्पष्ट आहे. बांधणाऱ्याचे नाव कोनशिलेवर राहते, पण सांभाळणाऱ्याचे कोठेही लिहिले जात नाही. तरीही पूर्तधर्माच्या दृष्टीने दोघांची योग्यता सारखीच आहे. समुद्रपूरच्या नागरिकांनी प्रभागातील सभांमध्ये उद्यान कोठे होणार हा प्रश्न जेवढ्या आग्रहाने विचारावा तेवढ्याच आग्रहाने ते दरवर्षी कोण सांभाळणार हाही विचारावा, कारण लोकांसाठी सोडलेली जागा लोकांची राहते ती एकदा केलेल्या संकल्पाने नव्हे, तर पुन्हा पुन्हा पार पाडलेल्या कर्तव्याने.